शाळेतल्या बाईंना काय द्यायचं? प्लेनोतल्या नातवंडांसाठी बेने इस्राएल इतिहास आणि कलांची साधनं

अमेरिकेत मे महिना दोन वारशांचा असतो. एक ज्यू-अमेरिकन वारसा महिना, २००६ पासून चालत आलेला. दुसरा आशियाई आणि पॅसिफिक वंशाच्या अमेरिकनांचा, त्याला १९९२ साली कायद्याने मे महिना मिळाला. प्लेनोच्या शाळेत किंवा सिनेगॉगच्या रविवारच्या वर्गात जाणारं आपलं नातवंड या दोन्हींत बसतं, आणि बहुतेक वेळा एकातही दिसत नाही. ज्यू म्हटलं की शिक्षकांच्या डोळ्यांसमोर पोलंड-रशियातून आलेली माणसं येतात, भारतीय म्हटलं की दिवाळी. यात शिक्षकांचा दोष नाही. हाताशी जे साहित्य असतं तेच ते वापरणार. भारतीय ज्यूंबद्दल काही सापडलंच तर ते बहुधा कोचीनचं असतं. कोकण त्यात नसतंच.

म्हणून हा लेख प्लेनो, रिचर्डसन, अ‍ॅलन, फ्रिस्को या भागात मुलांकडे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी. ज्यांची नातवंडं टेक्सासात आहेत आणि स्वतः ठाण्यात किंवा इस्राएलात आहेत, त्यांनाही यातलं बरंचसं फोनवरून करता येईल.

आधी एक आठवण करून देतो. शिकवायला साधनं नाहीत ही अडचण आपल्या समाजाला नवी नाही. दोनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज शेमा म्हणत, शब्बाथ पाळत, पण हिब्रू वाचता येणारे थोडेच. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याचा हेतू वेगळा होता, आपल्या लोकांनी त्यातून हिब्रू तेवढं घेतलं. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह पेसाहची हागादा निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये इस्राएलाइट स्कूल सुरू केलं, तेच पुढे माझगावचं सर एली कदूरी स्कूल झालं. आणि १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हरिदासांच्या कीर्तनाचा घाट घेऊन आब्राहाम, योसेफ यांची आख्यानं मराठीत उभी केली. त्या वेळी मुलांना हिब्रू येत नव्हतं म्हणून सगळं मराठीत आणलं. आता मुलांना मराठी येत नाही, आणि तेच साहित्य मराठीत अडकून बसलं आहे. दोन्ही बाजूंचं कळणारी आपली पिढी अजून आहे, तोवर हे काम व्हायला पाहिजे.

कुठल्या इयत्तेत काय चालतं

बाईंना वर्षभरात केव्हाही जाऊन "आमचा इतिहास सांगा" म्हटलं तर त्या हसून "हो" म्हणतील आणि विसरतील. त्यांचा जो धडा चालू आहे त्याच्याशी आपली गोष्ट जुळली तर मात्र त्यांनाच ती हवी असते. टेक्सासच्या सरकारी शाळांत चौथीला आणि सातवीला टेक्सासचा इतिहास, पाचवी आणि आठवीला अमेरिकेचा, सहावीला जगातल्या संस्कृती, अशी मांडणी बरीच वर्षं चालत आली आहे. राज्याचं शिक्षण मंडळ ती बदलण्याच्या कामाला लागलं आहे, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला विचारून घ्यावं.

सहावीचं वर्ष आपल्याला सगळ्यात सोयीचं. पण चौथी-सातवीतही जागा आहे. टेक्सासच्या इतिहासात गॅल्व्हेस्टन बंदराची गोष्ट येते. १९०७ ते १९१४ या काळात सुमारे १०,००० ज्यू न्यूयॉर्कला न उतरता या बंदरातून अमेरिकेत आले, आणि रब्बाय हेन्री कोहेन त्यांना धक्क्यावर उतरवून घ्यायला जात. आपल्या पोराने त्याच्या शेजारी नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची गोष्ट ठेवली तर वर्ग कान टवकारून ऐकतो. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे परका किनारा. फरक एवढाच की एका गोष्टीला प्रवाशांच्या याद्या आहेत, दुसरीला नाहीत. त्या फरकाकडे पुढे येतो.

प्लेनोच्या मुलांची सहल कधीतरी हेरिटेज फार्मस्टेड म्युझियमला जाते. १८९१ चं शेतघर आहे, त्या काळची अवजारं आणि गुरं-ढोरं बघायला मिळतात. घरी आल्यावर नातवाला विचारावं, त्याच काळात आपले लोक कोकणात काय करत होते? तेलाचे घाणे चालवत होते, शेती करत होते, मुंबईला जाऊन सुतारकी, गवंडीकाम, कारकुनी, पलटणीतली नोकरी करत होते. पुठ्ठ्याचा घाणा करायला एक दुपार पुरते. शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली', हे नाव मुलं एकदा ऐकली की विसरत नाहीत.

जानेवारीच्या अखेरीस टेक्सासच्या शाळांत होलोकॉस्ट स्मृती सप्ताह असतो, २०१९ च्या कायद्यापासून. त्या वेळी देण्यासारखं आपल्याकडे जे आहे ते खाली गाण्यांच्या आणि चित्रांच्या भागात सांगतो.

गोष्ट आणि पुरावा

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण घरोघरी इथेच गडबड होते.

आपण लहानपणापासून ऐकलं: गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना नवगावला दोन ठिकाणी पुरलं. केहीमकरांनी या घटनेचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपासचा मानला. ही आपली परंपरा आहे आणि ती अभिमानाने सांगावी. पण नातवाने शाळेच्या प्रकल्पात ती तारखेसकट पक्का इतिहास म्हणून लिहिली, तर चांगले शिक्षक विचारणारच, "हे कशावरून?" मग पोर गोंधळतं.

म्हणून त्याला दोन्ही द्यावं. बेने इस्राएलांचा आजवर माहीत असलेला सगळ्यात जुना लेखी उल्लेख १७३८ सालचा आहे, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रातला. त्यानंतर कोचीनच्या इझिकेल राहबींचं १७६८ चं पत्र येतं. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं, तेच शाअर हारहामीम, आपल्या तोंडची 'जुनी मशीद'. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आपले लोक सांगतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आपल्या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा दिसला. त्यावरून गलबताचं साल ठरत नाही. पण बाहेरून आलेली माणसं इथल्यांत मिसळली, एवढं कळतं.

मुलांसाठी यातून एक छान काम निघतं. कागदावर तीन रकाने आखावे: 'आजी सांगते', 'कागद सांगतो', 'अजून शोधायचं आहे'. नवगावची गोष्ट पहिल्यात, १७३८ दुसऱ्यात. दाविद राहबीने बायकांपुढे मासे ठेवले आणि त्यांनी पर-खवल्यांचे तेवढे निवडले, ही पहिल्यात. तो नेमका कोणत्या शतकात आला, हे तिसऱ्यात, कारण त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईंना असा कागद मिळाला तर त्या तो भिंतीवर लावतील. यात आपल्या परंपरेचा अपमान होतो असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्या मुलाला परंपरा आणि पुरावा वेगळे ठेवता येतात त्याला उद्या कोणी "तुम्ही खरे ज्यू का?" म्हणून विचारलं तर तो डगमगत नाही.

चित्रं

पेसाहच्या आधी रविवारच्या वर्गात हागादा शिकवतात. त्या वेळी एकच गोष्ट पाठवायची असेल तर १८७४ ची पुण्याची हागादा पाठवा. हिब्रू मजकूर, सोबत मराठी, आणि चित्रांत साडी नेसलेल्या बायका मत्झाची तयारी करताना. युरोपातल्या हागादांची चित्रं वर्गात नेहमी बघितलेली असतात. त्यांच्या शेजारी हे पान ठेवलं की शिक्षकांना वेगळं काही बोलावं लागत नाही. ही पानं सापडायला सोपी आहेत. योसेफ हाईम येरुशल्मी यांच्या 'हागादा अँड हिस्टरी' या १९७५ च्या मोठ्या पुस्तकात मुंबई-पुण्याच्या हागादांची पानं छापली आहेत, आणि ते पुस्तक अमेरिकेतल्या बऱ्याच सिनेगॉगच्या कपाटात असतं. प्लेनोत अन्शाय तोरा आणि अदात खावेरीम ही दोन मोठी सिनेगॉग आहेत. आपण जिथे जातो तिथे आधी विचारावं.

चित्र कसं वाचायचं याची एक सोपी रीत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने शिक्षकांना दिली आहे. आधी फक्त बघा आणि काय दिसतं ते सांगा. मग काय वाटतं ते सांगा. मग प्रश्न विचारा. हीच रीत घरच्या फोटोंना लावावी. आपल्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो नातीपुढे ठेवा आणि गप्प बसा. "आजी, तू पांढरी साडी का नेसलीस?" इथपर्यंत ती स्वतःच येईल. आपण आधीच सगळं सांगून टाकलं तर मुलं दोन मिनिटांत फोनकडे वळतात, हे तुम्हाला मी कशाला सांगू!

आजची चित्रकार हवी असेल तर सियोना बेंजामिन. आपल्याच समाजातल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, आता न्यू जर्सीत असतात. त्यांच्या चित्रांतल्या निळ्या अंगाच्या बायका बघून मुलांना आधी कृष्ण आठवतो, मग ती चित्रं तोराच्या गोष्टींवर आहेत हे कळतं. त्यांच्यावर २०१५ चा 'ब्लू लाइक मी' हा माहितीपट आहे. लहान मुलांसाठी 'आय अ‍ॅम हावा' हे २०२१ चं चित्रपुस्तक त्यांनी चितारलं आहे. गोष्ट 'हावा नागिला' या गाण्याची आहे, चित्रं मात्र आपल्या मातीची. पहिली-दुसरीच्या नातवंडाला हे पुस्तक वाढदिवसाला द्यावं आणि मग वर्गात वाचायला पाठवावं.

भारतीय कला प्रत्यक्ष बघायची तर डॅलसचं क्रो म्युझियम ऑफ एशियन आर्ट आहे, तिकीट नाही. ते आता टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेकडे आहे आणि २०२४ पासून रिचर्डसनच्या आवारातही त्याचं दालन उघडलं आहे, म्हणजे प्लेनोहून अगदी जवळ. आपल्या समाजाचं तिथे काही मिळेल अशी अपेक्षा धरू नये, पण पोराला भारत दिसतो.

आवाज आणि सूर

आकाशवाणीची सकाळची धून आठवते ना? रेडिओ लागायच्या आधी वाजायची ती. ती रचली वॉल्टर कॉफमन यांनी. झेकोस्लोव्हाकियात वाढलेले ज्यू संगीतकार, युरोपातलं वातावरण बिघडत चाललं तेव्हा १९३४ साली मुंबईला आले, मुंबई रेडिओवर काम केलं. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवत राहिले. शिवरंजनी रागाशी ती धून जुळते असं जाणकार सांगतात. होलोकॉस्ट सप्ताहात वर्गात ती अर्धा मिनिट वाजवावी आणि आजोबांनी सांगावं की मी रोज सकाळी हे ऐकून शाळेत गेलो, आणि हे रचणारा माणूस निर्वासित होता. इतिहासाचं पुस्तक उघडण्याआधी मुलं इतिहासात शिरतात.

याच्याच जोडीला चित्रकलेची बाजू आहे. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर पत्नी ज्यू असल्यामुळे देश सोडून मुंबईला आले आणि टाइम्स ऑफ इंडियात कलाविभाग सांभाळू लागले. जर्मनीहून आलेले रूडी फॉन लायडन चित्रांवर लिहीत, आणि ऑस्ट्रियाहून आलेले इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. १९४७ साली हुसेन, रझा, सूझा, आरा या पोरांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांना या तिघांचा मोठा आधार झाला. युरोपातून पळून आलेल्या माणसांनी मुंबईच्या चित्रकलेला हात दिला, हे टेक्सासच्या शिक्षकांना सहसा ठाऊक नसतं, आणि सांगितलं की आवडतं.

डॅलसचं होलोकॉस्ट अँड ह्यूमन राइट्स म्युझियम २०१९ मध्ये नव्या इमारतीत उघडलं. प्लेनोहून डार्टच्या रेड लाइनने वेस्ट एंड स्टेशनवर उतरलं की चालत जाण्यासारखं आहे. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांनाच न्यावं. तिथल्या मानवी हक्कांच्या दालनानंतर बाकावर बसून मुंबईची ही गोष्ट सांगितली तर जड झालेलं मन जरा सैल होतं.

आता कीर्तन. आपल्याकडचा सगळ्यात मोठा ठेवा हाच, आणि सगळ्यात वेगाने जातो आहे तोही हाच. साकी, दिंडी, ओवी, अभंग अशा मराठी चालींत तोराची कथा, साथीला पेटी आणि तबला. असं दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात नाही. शिकागो विद्यापीठाच्या अ‍ॅना शुल्त्झ यांनी मराठी कीर्तनावर आधी पुस्तक लिहिलं आणि मग आपल्या बायकांच्या कीर्तनांवर अभ्यास केला. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात आपल्या समाजाची ध्वनिमुद्रणं आहेत. पण नातीच्या दृष्टीने त्या सगळ्यांपेक्षा तिच्या आजीचा आवाज मोठा. तुम्हाला एकच कडवं येत असेल तर एकच म्हणा. सूर लागत नसेल तरी म्हणा. त्यानंतर इंग्रजीत तीन वाक्यांत अर्थ सांगा: कोणाची गोष्ट, काय घडलं, हे आपल्या घरी कधी म्हणायचे. शिक्षकांना वापरता येईल असं साधन तेवढ्यात तयार झालं.

सिनेमाची आवड असलेल्या मुलांसाठी डेव्हिड आहेतच. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, 'बूट पॉलिश' मधला जॉन चाचा, १९५४. त्याच्याही आधी १९३१ मध्ये पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला, त्याची कथा जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरून घेतलेली. २०१७ चा 'शालोम बॉलिवूड' हा माहितीपट भारतीय सिनेमातल्या ज्यू कलावंतांवर आहे. त्यातली बरीच मंडळी बगदादी आहेत, तेव्हा आपला कोण आणि त्यांचा कोण हे शेजारी बसून सांगावं लागतं.

पुस्तकं

प्लेनोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड रहिवाशांना फुकट मिळतं. हॅगर्ड शाखेत वंशावळी आणि स्थानिक इतिहासाचा वेगळा विभाग आहे, कुळाचा माग काढायला तिथली माणसं आनंदाने मदत करतात. हवं ते पुस्तक तिथे नसेल तर इंटरलायब्ररी लोनवर मागवता येतं, आणि टेक्सशेअर कार्ड काढलं तर राज्यातल्या दुसऱ्या सहभागी ग्रंथालयांतूनही पुस्तकं आणता येतात. संगणक जमत नसेल तर काउंटरवर जाऊन पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी. त्यांना याची सवय असते.

चिठ्ठीवर पहिलं नाव शर्ली बेरी आयझनबर्ग यांचं, 'इंडियाज बेने इस्राएल', १९८८. जाडजूड आहे, पण सण, लग्न, मलिदा, आडनावं, सगळं एका ठिकाणी. दुसरं केहीमकरांचा इतिहास. त्यांनी तो १८९७ मध्ये लिहून पुरा केला, छापला गेला १९३७ साली तेल अवीवमध्ये, लेखकाच्या पश्चात. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं! चित्रांसाठी ऑर्पा स्लापाक यांनी संपादित केलेलं जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमचं १९९५ चं 'द ज्यूज ऑफ इंडिया' आणि शाल्वा वाइल यांचं २००२ चं मार्गचं पुस्तक. सिनेगॉगांच्या वास्तूंसाठी केनेथ रॉबिन्स आणि पुष्कर सोहोनी यांचं दख्खनच्या ज्यू वारशावरचं २०१७ चं पुस्तक, त्यात मुंबई, उत्तर कोकण आणि पुणे तिन्ही आहेत. हायस्कूलच्या मुलांना एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रेचेल' द्यावी. अलिबागजवळच्या दांड्याची एकटी म्हातारी बाई सिनेगॉग सांभाळते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक पाककृती. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे. इंग्रजीच्या शिक्षकांना निस्सीम इझिकेलांचं नाव सांगावं. ते आपल्या समाजाचे आहेत हे त्यांची कविता शिकवणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

जुनं सरकारी लेखन हवं तर १८८३ चं कुलाबा-जंजिऱ्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यात आपल्या लोकांवर मजकूर आहे. पण साहेबाची भाषा त्या काळची, माणसांचं वर्णन गुरांसारखं करणारी. मुलांच्या हाती अख्खं देऊ नये, एक-दोन परिच्छेद निवडून द्यावेत.

लहान मुलांच्या ज्यू पुस्तकांसाठी पीजे लायब्ररी ही योजना घरपोच फुकट पुस्तकं पाठवते. चांगली असतात, मात्र त्यांतलं घर बहुतेक वेळा युरोपीय वळणाचं. बेखोल लशोन ही संस्था ज्यू समाजातली विविधता शिकवण्याचं साहित्य तयार करते. रविवारच्या वर्गाच्या शिक्षकांना तिचं नाव सुचवावं. मराठी वाचायला शिकवायचं असेल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या मराठी शाळा आहेत, आपल्याही मुलांनी तिथे जावं. एक सूचना सगळ्या पुस्तकांबद्दल: शिक्षकांना पुस्तक देऊ नये, दोन पानांची प्रत द्यावी. तीनशे पानं वाचायला त्यांना वेळ कुठला?

आडनावांचा नकाशा

याला पुस्तकच लागत नाही. केहीमकर किहीमचे, चेऊलकर चौलचे, पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, अष्टमकर रोह्याजवळच्या अष्टमीचे, तळकर तळ्याचे, राजपूरकर राजपुरीचे, नवगावकर नवगावचे. रायगड जिल्ह्याचा नकाशा छापून घ्यावा आणि नातवंडाला टाचण्या लावायला सांगावं. आजीचं माहेर, पणजीचं माहेर, सगळं लावावं. संगणकावर उपग्रहाच्या नकाशात ही गावं आज कशी दिसतात तेही दाखवावं. समुद्र, नारळी, खाडी. आपल्यातल्या पुष्कळांनी परदेशात गेल्यावर 'कर' सोडलं आणि बापाचं नाव आडनाव झालं. वर्गात दहा जण डेव्हिड नाहीतर सॅम्युएल असतात, पण चेऊलकर एकच असतो. हे ऐकून पोराच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघण्यासारखं असतं.

सणांच्या आपल्या नावांचंही असंच. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, किप्पूर म्हणजे दार फाळणीचा सण, दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला होळीचा सण, तिशा बेआवला बिरड्याचा रोजा. पेसाहचं जुनं नाव आंबट रसाचं मडकं झाकून ठेवण्यावरून पडलं. या नावांची चित्रांसकट दिनदर्शिका करायला सातवी-आठवीच्या मुलाला आठवडा लागतो.

मोठ्या मुलांसाठी १९६४

हायस्कूलमध्ये नागरी हक्कांची चळवळ शिकवतात. अमेरिकेचा तो कायदा १९६४ चा. त्याच वर्षी इस्राएलात आपल्या लोकांनी आपला लढा जिंकला. मुख्य रब्बायांनी १९६१-६२ मध्ये काढलेल्या नियमांप्रमाणे बेने इस्राएलांना इतर ज्यूंशी लग्न करायचं तर कुळाची चौकशी व्हायची. आपले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि रब्बायांनी नियमांतून आपल्या समाजाचं नाव काढलं. आपल्यातले काही जण हे मुलांना सांगायला संकोचतात. इस्राएलबद्दल वाईट मत होईल म्हणून, किंवा जखम नको उकरायला म्हणून. सोळा वर्षांच्या मुलाला हे घरात नाही सांगितलं तर तो ते इंटरनेटवर वाचणार, अर्धवट. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्याकडून ऐकलेलं बरं.

टिपून ठेवणं

स्टोरीकॉर्प्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे. त्यावर दोन माणसांचं बोलणं टिपता येतं, आणि ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलं जातं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्यावी असा त्यांचा उपक्रम शाळांत चालतो, तेव्हा इतिहासाच्या बाईंना त्याचं नाव माहीत असायची शक्यता आहे. मुलाखत मराठीत झाली तरी चालेल. नातू इंग्रजीत विचारेल, तुम्ही मराठीत सांगा, मधे सून किंवा मुलगी अर्थ सांगेल. ते तिघांचं बोलणं उलट जास्त चांगलं. मात्र टिपलेलं सगळ्यांना ऐकू जाणार की घरापुरतं राहणार, हे आधी नीट ठरवून घ्यावं. भाऊबंदकी आणि जमिनीच्या गोष्टी त्यात नकोत.

प्रश्न लहान ठेवावेत. "तुमचं बालपण सांगा" यावर काहीच निघत नाही. "शुक्रवारी संध्याकाळी घरात काय शिजायचं?" यावर तासभर निघतो.

शाळेत नेताना

मूळ कतुबा, जुना हागादा, सासऱ्यांचं पदक शाळेत पाठवू नये. फोनने फोटो काढून छापील प्रत द्यावी. फोटोच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात: कोण, कुठे, कधी, कोणी दिला. शाईने लिहू नये, पुढच्या बाजूला उमटते.

सरकारी शाळेत धर्माबद्दल माहिती देता येते, धर्मोपदेश करता येत नाही. एलियाहू हन्नाबीचा मलिदा कसा करतात, खंडाळ्याला लोक का जातात, हे सांगायला हरकत नाही. मुलांना हात जोडून बेराखा म्हणायला लावू नये. रविवारच्या वर्गात अर्थातच म्हणावी, आणि आपल्या चालीत म्हणावी.

आणि मलिदा न्यायचाच असेल तर दोन दिवस आधी बाईंना फोन करावा. पुष्कळ शाळांत घरचं खाणं चालत नाही, आणि वर्गात एखाद्याला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असते. काजू-बदाम वगळून पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि फळं एवढं केलं तरी मलिदा होतो. मात्र खोबरं चालेल ना, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.